औषधपेटी झाली, पण रात्री मुलांजवळ कोण?

परवा आमच्या भागातील एका मंडळाचे अध्यक्ष दोन कार्यकर्त्यांना घेऊन दवाखान्यात आले. मे महिन्यात पन्हाळ्याच्या बाजूला चार दिवसांचे शिबिर घ्यायचे आहे, चाळीसेक मुले-मुली येणार आहेत, त्यांची तब्येत तपासून दाखले द्यावेत आणि औषधपेटीत काय काय ठेवायचे ते लिहून द्यावे, अशी त्यांची विनंती होती. हे काम मी गेली पंचवीस वर्षे आनंदाने करतो. कागद पुढे ओढला आणि लिहू लागलो. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, कापूस, बँडेज, जखमेवरचे मलम, उलटीची गोळी, आणि साप-विंचू चावला तर जवळचे रुग्णालय कोणते त्याचा फोन नंबर. यादी संपली. मग सहज विचारले, "रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपणार?"

"आमची पोरं आहेत की. कोण न कोण असतंयच."

"कोण न कोण म्हणजे नेमकं कोण? किती जण? मुलींच्या बाजूला बाईमाणूस आहे का?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, आमच्या कार्यकर्त्यांवर संशय घेताय होय? पदरचे पैसे घालून पोरांसाठी राबत्यात. एक रुपया कोण घेत न्हाई."

ते बोलले ते अक्षरशः खरे होते. त्यांचे कार्यकर्ते मला माहीत आहेत. रक्त लागले तर मध्यरात्री धावून येणारी ही मुले. तरीही मी प्रश्न मागे घेतला नाही. चहा मागवला आणि त्यांना जे सांगितले, तेच आज या सदरात मांडतो आहे. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली आहे. घरोघरी शिबिराचे, तालमीचे, पोहण्याचे, ट्रेकिंगचे बेत चालू असतील. त्याआधी प्रत्येक आई-वडिलांनी हे वाचावे, अशी इच्छा आहे.

आपले वैभव आणि त्यातला धोका

कोल्हापूरला तालमींचे महत्त्व सांगायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथे त्यांनी रोमचे जुने क्रीडागृह पाहिले आणि पुढे १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी मल्ल घडवले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉल जोपासला. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ उतरला की घराघरांत स्वयंपाक थांबतो! मर्दानी खेळ, लेझीम, ढोलपथक, गणेशोत्सव, शिवजयंती, पावसाळ्यातील पन्हाळा-पावनखिंड मोहीम हे सारे बिनपगारी माणसांच्या जिवावर चालते. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसळे राधानगरी तालुक्यातला. मुलांच्या हातात मोबाईलऐवजी चेंडू देणारी, व्यसनापासून दूर ठेवणारी ही मंडळे बंद पडावीत असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही तांबड्या मातीत लोळून मोठा झालो आहे.

पण एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायला हवी. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने हात धरला तर मूल ओरडते. वस्तादांनी, कोचने किंवा मंडळाच्या दादाने धरला तर ओरडत नाही. त्याला शिकवलेलेच असते की वस्ताद म्हणजे वडिलांच्या जागी, ते सांगतील ते ऐकायचे, उलट बोलायचे नाही. शंभरातील नव्याण्णव वस्ताद या विश्वासाचे सोने करतात. शंभरावा माणूस त्याच विश्वासाच्या दारातून आत शिरतो. आणि ज्याला मुलांना त्रास द्यायचा आहे, तो मुले जिथे असतात तिथेच जाणार. पगार नको, मान नको, मुलांत राहायला मिळाले की झाले, असे तो म्हणतो आणि आपणही त्याला 'निःस्वार्थी' म्हणून डोक्यावर घेतो.

एका पोटदुखीची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून एक हकीकत सांगतो. १९९६-९७ ची गोष्ट. दवाखाना उघडून दोन-तीन वर्षे झाली होती. शिवणकाम करणारी एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोटात दुखते, तेही रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास. पोट तपासले, मऊ होते. ताप नाही, जुलाब नाही. जंताचे औषध दिले. आठ दिवसांनी पुन्हा आली. लघवी, शौच तपासून घेतले, काही सापडले नाही. पोटदुखीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, आता अंथरूण पण ओलं करालाय. रविवारी काय नसतंय बघा. तालीम बंद असली की पोरगं चांगलं खेळतंय."

वाचकहो, त्या माउलीने निदान माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. मला ते दिसले नाही. मला वाटले, पोराला व्यायामाचा कंटाळा आहे. मी त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "बापय गडी आहेस की रे! रोज शंभर जोर काढ, पोट आपोआप राहील." मुलगा खाली बघत होता. आई समाधानाने गेली. पुन्हा ती आली नाही.

जवळजवळ वीस वर्षांनी एक तरुण झोप येत नाही म्हणून आला. रक्तदाब वाढला होता, हात थरथरत होते. विचारपूस चालू असताना तो म्हणाला, "डॉक्टर, मी इथंच बसलो होतो, ह्याच स्टुलावर. तुम्ही मला जोर काढायला सांगितलं होतं." मग त्याने सारे सांगितले. सगळी मुले गेल्यावर 'तुला खास डाव शिकवतो' म्हणून त्याला थांबवून घेणारा एक माणूस होता. वर्षभर ते चालू होते. तो माणूस तोवर वारला होता. त्याच्या अंत्ययात्रेला सारी पेठ लोटली होती आणि हा मुलगाही खांदा द्यायला गेला होता, कारण गेला नसता तर लोकांनी कारण विचारले असते.

"तुमचा राग न्हाई डॉक्टर," तो जाताना म्हणाला, "तुम्हाला तरी काय ठाऊक." त्याने राग धरला असता तर बरे वाटले असते. त्याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, आज तो बरा आहे. पण त्या दिवसापासून पोटदुखीचे मूल समोर आले की मी आईला दोन मिनिटे बाहेर पाठवत नाही, आधी तिलाच विचारतो, "कधी दुखत नाही?" दुखते कधी यापेक्षा दुखत नाही कधी, हा प्रश्न कित्येकदा जास्त सांगून जातो.

आकडे काय सांगतात?

'आपल्याकडे असले काही नसते' हे वाक्य मी फार ऐकतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून ती केली होती. त्यातील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. यात घाणेरडी चित्रे दाखवण्यापासून बलात्कारापर्यंत सारे प्रकार धरले होते, हे लक्षात घ्यावे. पण दोन गोष्टी डोळे उघडणाऱ्या होत्या. एक म्हणजे त्रास झालेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी जास्तच होती. दुसरी म्हणजे त्रास देणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' हा समज किती पोकळ आहे पाहा.

बाहेरच्या देशांतही हेच घडले. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलपटूने लहानपणी कोचकडून झालेल्या अत्याचाराची जाहीर वाच्यता केली आणि पाठोपाठ अनेक खेळाडू बोलू लागले. बॅरी बेनेल या कोचला २०१८ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेतील स्काऊट संघटनेवर इतके दावे आले की २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दाव्यांची संख्या ८० हजारांच्या वर गेली. आणि आमच्या व्यवसायाने मान खाली घालावी असे उदाहरण म्हणजे लॅरी नासर. अमेरिकन जिम्नॅस्टिक संघाचा हा डॉक्टर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींचा छळ करीत होता. २०१८ च्या जानेवारीत त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. तेव्हा डॉक्टर आहे, मोठा खेळाडू आहे, देवभक्त आहे म्हणून कोणालाही नियमातून सूट नसावी.

मूल बोलत नाही, शरीर बोलते

लहान मुलाजवळ या गोष्टींसाठी शब्दच नसतात. मग त्याचे शरीर बोलते. पुढील बदल दिसले तर सावध व्हावे.

कारण न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी, विशेषतः ठरावीक वेळी. थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे. शौचाची, लघवीची जागा दुखणे, तेथे जखम किंवा रक्त. झोपेत दचकणे. एखाद्या माणसाचे नाव काढताच गप्प होणे. आवडीचा खेळ एकाएकी सोडणे. अभ्यासात अचानक घसरण. घरात कोणी न दिलेला मोबाईल, बूट किंवा पैसे सापडणे. वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा खेळ. मोठ्या मुलांत चिडचिड, व्यसन, हातावर ब्लेडने ओरखडे, जीव द्यायची भाषा.

यातील एखादे लक्षण दिसले म्हणजे अत्याचार झालाच असे नव्हे. जंत असतात, परीक्षेची भीती असते, घरातील भांडणे असतात. पण औषधाने न जाणारे दुखणे असेल तर प्रेमाने विचारलेच पाहिजे. आणि शरीर तपासून काही सापडले नाही म्हणजे काही झाले नाही, असेही नव्हे. अशा बहुतेक मुलांच्या अंगावर कोणतीही खूण नसते. हे पालकांनी आणि आम्हा डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे.

असा माणूस एका दिवसात हात लावत नाही. तो आधी घराचा विश्वास मिळवतो. एखाद्या मुलाला 'हा माझा खास' म्हणून निवडतो, बहुधा वडील नसलेल्या, गरिबीतल्या किंवा एकट्या पडलेल्या मुलाला. खाऊ, रिचार्ज, नवे बूट देतो. रात्री मोबाईलवर निरोप पाठवतो. मग मालिश, वजन पाहणे, दुखापत तपासणे अशा निमित्ताने स्पर्श सुरू होतो. शेवटी 'घरात सांगितलंस तर संघातून नाव जाईल' अशी धमकी, नाहीतर 'हे आपल्या दोघांतलं' अशी शपथ. तालमीत मालिश ही नित्याची गोष्ट आहे, ती व्हावीच; पण सगळ्यांसमोर, हौदाच्या कडेला. बंद खोलीत नव्हे.

मार, वजन आणि सुई

मुलांचे रक्षण म्हणजे केवळ लैंगिक अत्याचारापासून रक्षण नव्हे. 'छडी लागे छम छम'चा जमाना गेला, पण काही मैदानांवर अजून शिक्षा म्हणून दोनशे-तीनशे बैठका काढायला लावतात. सवय नसलेल्या मुलाचे स्नायू अशाने अक्षरशः फुटतात, त्यातील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंड बंद पडू शकते. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

दुसरा प्रकार वजन उतरवण्याचा. कमी वजनाच्या गटात खेळवण्यासाठी मुलाला पाणी तोडणे, उन्हात स्वेटर घालून पळवणे, जुलाबाच्या गोळ्या देणे. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर याच प्रकाराने सहा आठवड्यांच्या आत दगावले, त्यानंतर तेथील नियम बदलले. वाढत्या वयाच्या मुलाला घाम गाळून वजन उतरवायला लावू नये, एवढे वस्तादांनी पाळावे.

तिसरा प्रकार सुईचा. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी एकदम उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असते. ते 'दम वाढतो' म्हणून व्यायामशाळांत टोचून घेतले जाते. हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. स्टिरॉइडने कोवळ्या मुलाची उंची खुंटते. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे, भाकरी हा आपला जुना खुराकच खरा. मुलाच्या पिशवीत सुई किंवा बिननावाची बाटली सापडली तर रागावण्याआधी ती कोणी दिली हे विचारा.

कायदा काय म्हणतो?

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 'पोक्सो' कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही तो लागू होतो. कपड्यावरून केलेला स्पर्शही वाईट हेतूने असेल तर गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरील माणसाने गुन्हा केला तर शिक्षा अधिक कडक आहे.

मंडळांनी ध्यानात घ्यावे असे कलम १९ वे आहे. असा गुन्हा झाल्याचे कळले किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत. 'बैठक घेऊन मिटवू', 'मंडळाचं नाव जाईल', 'त्याला गुपचूप काढून टाकू' हे चालत नाही. गुपचूप काढलेला माणूस दुसऱ्या पेठेत जाऊन तेच करतो. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही, असे संरक्षण याच कलमात आहे.

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघड झाले. माहिती असूनही कळवले नाही असा आरोप ठेवून एका डॉक्टरवरही गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. जाणूनबुजून न कळवणे हा गंभीर गुन्हा असून बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असा त्या निकालाचा आशय आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, पालकांना पोलीस ठाण्यात तासन्तास ताटकळावे लागले आणि २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले. त्यानंतर शाळांतील सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या यांची खूप चर्चा झाली. ती योग्यच होती. पण संध्याकाळी शाळा सुटल्यावर मूल जिथे जाते, त्या मैदानाची आणि मंडळाची चर्चा कोणी केली नाही. वास्तविक पोक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्था, क्रीडा अकादमी यांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करावी, असे सांगितलेले आहे.

मंडळांनी पाळायचे नियम

अध्यक्षांना मी जी दुसरी यादी लिहून दिली ती अशी. यात खर्च जवळजवळ शून्य आहे.

१. एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल बंद दाराआड नको. नेहमी दोन मोठी माणसे, दार उघडे. स्काऊटच्या चळवळीत हा नियम आहे.

२. मुक्कामात मुला-मुलींची झोपण्याची सोय वेगळी. मुली असतील तर दोन महिला कार्यकर्त्या हव्यातच. रात्रीच्या पहाऱ्याची नावे वहीत लिहावीत. मोठ्या माणसाने मुलाच्या अंथरुणात झोपू नये. मोठी मुले आणि अगदी लहान मुले एकाच खोलीत कोंबू नयेत. त्रास देणारा कधी कधी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही असतो.

३. नवा कार्यकर्ता आला की नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत घ्यावी. आधी तो कुठल्या मंडळात होता आणि तिथून का गेला, हे फोन करून विचारावे. पोलीस पडताळणी करून घ्यावी.

४. मोबाईलवरचे निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच. मुलाला खासगीत, रात्री-अपरात्री निरोप नको. अंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या जागी मोबाईल बंद.

५. मालिश, वजन, दुखापत पाहणे हे चारचौघांत.

६. सरावानंतर एकट्या मुलाला एकाच कार्यकर्त्याने गाडीवरून घरी सोडू नये. पालकांनी यावे, नाहीतर दोघे-तिघे मिळून जावे.

७. मारणे, उपाशी ठेवणे, कपडे काढायला लावणे, चिडवून नाव ठेवणे या शिक्षा पूर्ण बंद.

८. तक्रार कोणाकडे करायची, त्या एका बाईचे आणि एका पुरुषाचे नाव आणि नंबर फलकावर लावावा. ते दोघे शक्यतो मंडळाच्या कार्यकारिणीबाहेरचे असावेत. त्याखाली मोठ्या अक्षरात १०९८ लिहावे.

हे नियम संशयापोटी नाहीत. आपण घराला कुलूप लावतो ते शेजारी चोर आहे म्हणून नव्हे. उलट या नियमांनी चांगल्या कार्यकर्त्याचेही रक्षण होते. उद्या कोणी खोटा आळ घेतला तर 'मी एकटा कधी नव्हतोच' असे तो चार माणसांच्या साक्षीने सांगू शकतो.

मूल सांगू लागले तर

हातातले काम ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. 'तू तिथं गेलासच कशाला', 'आधी का सांगितलं नाहीस' हे प्रश्न गिळून टाका. तीन वाक्ये पुरेत : "तू सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता आम्ही बघतो." खोदून खोदून विचारू नका, त्याच्या तोंडी शब्द घालू नका, पुन्हा पुन्हा सगळ्या पाहुण्यांसमोर वदवून घेऊ नका. 'कुणाला सांगणार नाही' असे खोटे वचन देऊ नका. संशयिताला जाऊन जाब विचारण्याची, मारण्याची घाई करू नका. त्याने पुरावा नष्ट होतो आणि साक्षीदार फुटतात.

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला अंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. लगेच सीपीआर किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, अशा मुलावर मोफत प्रथमोपचार नाकारू शकत नाही आणि त्याआधी पोलिसांचे पत्र मागू शकत नाही. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या. मोठ्या मुलीला गर्भ राहू नये म्हणून गोळीही लवकरात लवकर द्यावी लागते. म्हणून 'दोन दिवस विचार करू' असे म्हणू नका. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि पालक किंवा मुलाचा विश्वास असलेले माणूस त्या वेळी जवळ हवे, असे कायदा सांगतो.

पोलीस ठाण्याची भीती बाळगू नका. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या कपड्यांतील अधिकाऱ्याने, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, शाळा, फोटो छापता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, तो दिवसरात्र चालतो. मूल स्वतःही लावू शकते. तातडीला ११२ आहेच. जिल्ह्यात बाल कल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष आहेत.

घरात लहान मुलांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावे लाज न वाटता सांगा. पोहण्याच्या पोशाखात जो भाग झाकला जातो, त्याला स्वच्छतेशिवाय किंवा आईसमोर डॉक्टरने तपासल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, एवढे चार वर्षांच्या मुलालाही समजते. आणि रोज जेवताना विचारा, "आज काय आवडलं? काय आवडलं नाही?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण ऐका.

असो. ते अध्यक्ष तीन दिवसांनी परत आले. दोन महिला कार्यकर्त्या मिळाल्या, रात्रीच्या पहाऱ्याची यादी झाली, फलकही रंगवायला टाकला, असे त्यांनी सांगितले. पोलीस पडताळणीवरून मात्र मंडळात अजून वाद आहे. जुने कार्यकर्ते म्हणतात, आम्हाला कशाला? मी म्हणालो, पहिला अर्ज तुमचा द्या, बाकीचे आपोआप देतील. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

दाखल्यांवर सह्या करायला मुले येत्या रविवारी दवाखान्यात येणार आहेत. छाती, पोट, नाडी तपासणे आहेच. या खेपेला प्रत्येकाला एक प्रश्न जास्त विचारणार आहे, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार आहे.